डाग आणि फरशी सगोत्र

मुंबईवाले लादी पुसतात, आम्ही मराठवाड्यात फरशी पुसतो. फरक नुसता शब्दाचा नाही, पाण्याचा आहे. आमच्याकडे ते बोअरचं असतं नाहीतर टँकरचं, आणि टँकरही बहुधा कुणाच्या तरी बोअरवरच भरलेला. हे पाणी वाळलं की मागे पांढरट साय उरते. म्हणजे रोज सकाळी आपण फरशी पुसतो असं वाटतं, प्रत्यक्षात तिला चुन्याचा पातळ हात देत असतो.

त्यावर घरोघरचा ठरलेला इलाज म्हणजे अ‍ॅसिड. शहाबादीवर ओतलं की फसफसून फेस येतो आणि ओतणारा छाती काढून म्हणतो, "बघा, कसा मळ उकळून निघायलाय!" मळ कसला? शहाबादीच निघायलीय. कलबुर्गीकडच्या शहाबादहून नाव घेऊन आलेला हा दगड चुनखडीचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचा. पाण्याची ती पांढरी सायही बरीचशी त्याचीच. डाग आणि फरशी सगोत्र! अ‍ॅसिडला त्यांतला घरचा कोण, पाहुणा कोण कळत नाही. ते दोघांनाही खातं, आणि फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. डाग जातो, पॉलिशही जातं, आणि खरबरीत झालेल्या दगडात पुढचा डाग आणखी खोल मुरतो. कोटा दगड त्याच कुळातला. मोझॅकही, कारण त्यात सिमेंट आणि संगमरवराची खडी. ग्रॅनाइट या भानगडीत फारसा पडत नाही. आपल्या फरशीचं गोत्र माहीत नसेल तर कपाटामागच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. निस्तेज ठिपका उमटला तर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड तिन्ही कायमचे बंद.

मग करायचं काय? उत्तर कंटाळवाणं आहे: फरशी आपोआप वाळू द्यायची नाही. ओला हात झाला की लगेच कोरड्या सुती फडक्यानं टिपायची. जुनं धोतर सर्वोत्तम, बनियन दुय्यम, टेरिकॉटची पँट निव्वळ व्यायाम. पाणी फडक्यात गेलं की क्षारही त्याच्याबरोबर जातात. व्हिट्रिफाइड टाईलवर जुना थर असेल तर पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर चालतं, पण लगेच साध्या पाण्याचा हात द्या. सांध्यातलं व्हाइट सिमेंटही चुन्याच्याच घरचं आहे.

धुण्याची पावडर मूठभर टाकणाऱ्यांना मला काही सांगायचंय. तिचा चिकट थर फरशीवर राहतो, त्यावर धूळ बसते, मग "टाईलच खराब निघाली" म्हणून दुकानदाराचा उद्धार होतो. अर्ध्या बादलीला लहान चमचा पुरे. आणि आधी नीट झाडा. उन्हाळ्यातल्या वावटळीनं घरात आणलेली बारीक रेती फडक्याखाली सापडली की तिचा पॉलिशपेपर होतो.

हळदीचा प्रकार तर वेगळाच. महालक्ष्म्यांच्या दिवसांत शहाबादीवर हळद सांडते, कुणीतरी तत्परतेनं सोडा चोळतं आणि पिवळा डाग लालबुंद होतो. हळदीला सोड्यासारखा अल्कली लागला की ती लाल होते. कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणजे हळद पुसायला जाऊन आपण कुंकू तयार केलं! हळदीचा डाग आधी ओल्या फडक्यानं नुसता टिपा, चोळू नका. उरलेला पिवळेपणा ऊन खातं. आठवडाभर खिडकीचा पडदा बाजूला ठेवा. करडईचं तेल सांडलं तर मात्र पाणी नकोच. टाल्कम पावडरचा बोटभर जाड ढीग त्यावर दाबा, वर प्लास्टिक, रात्रभर राहू द्या, सकाळी झाडून घ्या. एका रात्रीत नाही निघालं तर पुन्हा.

एक गोष्ट मात्र विनोदाची नाही: अ‍ॅसिड आणि ब्लीच एका बादलीत कधीही नको, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तर अजिबात नाही.

टँकरच्या आठवड्यात दोन अर्ध्या बादल्यांत सगळं बसवायचं: एकीत पुसायचं, दुसरीत फडकं खळबळायचं. आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे मागे सरकत यायचं, पंखा पाचवर करायचा. आता फक्त दहा मिनिटं कुणी येऊ नये. नेमका तेव्हाच काळ्या रानातला चिखल चपलेला घेऊन घरचा माणूस उंबरा ओलांडतो, खोलीच्या बरोब्बर मधोमध येऊन थांबतो आणि आपुलकीनं विचारतो, "पुसायलेत व्हय?"