कावळा, घागर आणि एक ब्रास गिट्टी

परवा संध्याकाळी नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या कट्ट्यावर चांगलीच जुंपली. सुरुवात माझ्यामुळे झाली, कारण पोरीची वही मी सोबत घेऊन गेलो होतो.

पाचवीत आहे ती. कावळ्याची नि घागरीची गोष्ट आपल्या सगळ्यांची पाठ आहे. 'पाणी वर कसे आले?' याखाली तिनं लिहिलं होतं, "कावळ्याने खडे टाकले म्हणून. पण घागरीत आधीच बरंच पाणी असेल. फार कमी असतं तर आलं नसतं." त्यावर लाल रेघ आणि बाजूला शेरा : धड्यातले उत्तर लिहावे. मागाहून कळलं, तिनं न्हाणीघरात मगात गोट्या टाकून पाहिलं होतं. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "बाबा, आता मी धड्यातलंच लिहीत जाईन." ते मला फार लागलं.

क्लासवाल्या सरांनी वही ओढूनच घेतली. "मी काय म्हणतो मग! क्रिटिकल थिंकिंगचा स्वतंत्र तास पाहिजे." दिवाळीनंतर त्यांची नवी बॅच आहे. बारा शनिवार, बारा स्किल्स, शेवटी सर्टिफिकेट. पॅम्प्लेटं खिशातच असतात त्यांच्या. एक माझ्या तर्री पोह्याच्या प्लेटखाली सरकवलंसुद्धा.

"विचार करायला शिकवता, ते कशाबद्दल?" बाईंनी विचारलं.

"कशाहीबद्दल. थिंकिंग हे स्किल आहे, बाई. विषय कोणताही चालतो."

"म्हणजे पिठाशिवाय पोळी लाटायचा क्लास."

बाई काटोलकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्या. सर आणि ठेकेदार, दोघंही त्यांच्याच हातचे, एकाच वर्गातले. त्यामुळे सर कितीही जोरात बोलले तरी बाईंनी चष्म्यावरून पाहिलं की आवाज खाली येतो.

"पण २०२४चा 'असर', मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीचा अहवाल, वाचला ना तुम्ही?" सरांनी रोख बदलला. "ग्रामीण भारतात पाचवीतली फक्त ४८.८ टक्के पोरं दुसरीचा मजकूर वाचू शकली!"

"वाचला. अक्षरच जमत नाही त्या लेकरापुढे विचाराच्या गप्पा मारू नयेत, हे कबूल. पण ते मोठ्यानं वाचता येतं का, याचं मोजमाप आहे. घडाघडा वाचणाऱ्यांचं काय? 'कोणी काय टाकले' विचारलं की धड्यातली ओळ उचलून वहीत ठेवतात. त्यांना कळलंच नाही, हे आपल्यालाही कळत नाही."

ठेकेदार इतका वेळ फोनवर रेतीच्या ट्रकवाल्याला झापत होता. फोन ठेवून त्यानं वही पाहिली. दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "पोरगी बरोबर आहे ना बाप्पा. कोणं काटलं हे?"

"अबे, लहान मुलांची गोष्ट आहे ती," सर म्हणाले.

"गोष्ट असन. पण एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट गिट्टी आली, तं त्यात चाळीस फुटाच्या वर नुसती हवा राहते. पाणी पहिले त्या फटीत जाईन का वर येईन? लय कमी असन तं घागर गिट्टीनं भरून जाईन न् कावळा तसाच उपाशी, आपलं, तहानलेला!"

टपरीसमोर सिमेंट रोडचं काम अजून चालूच आहे, गिट्टीचा ढीग दहा पावलांवर. ठेकेदारानं टपरीवाल्याची टोस्टची बरणी रिकामी केली, पाव भाग पाणी ओतलं आणि मुठी-मुठीनं गिट्टी सोडायला लागला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाणी चढलं, अर्ध्याच्या जरा वर गेलं आणि थांबलं. गिट्टी बरणीच्या तोंडाशी आली. वरचे खडे कोरडे ठणठणीत. काचेतून पाण्याची रेघ स्पष्ट दिसत होती. माझ्या पोरीचं ते वाक्य बरणीत उभं होतं.

"दहावीत दोनदा गेलेला माणूस," बाई म्हणाल्या, "पण हा उतारा त्याला तुमच्या आधी समजला, सर. कारण गिट्टी त्याच्या हाताखालून गेली आहे. अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघी संशोधकांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या डावावरचा मजकूर दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. जामठ्याच्या क्रिकेट मॅचची बातमी घ्या ना. 'गलीत झेल टिपला' वाचून मी गल्ली शोधत बसेन."

मला विचाराल तर सगळं इथेच आहे. पोराला आधी काहीतरी नीट माहीत असू द्या, हाताळू द्या. मग ते धड्याशी भांडेल. आणि भांडलं की लाल रेघ मारू नका.

पुस्तकवाले दादा मितभाषी. दसऱ्याला दीक्षाभूमीवर त्यांचा स्टॉल असतो. ते म्हणाले, "एक म्हातारी दरवर्षी येते. वाचता येत नाही तिला. कमरेच्या पिशवीतून पैसे काढते, पुस्तक घेते आणि म्हणते, पहिलं पान वाचून दाखव. मी वाचतो. मग विचारते, हे खरं कशावरून? तिथंच मला घाम फुटतो. कालाम सुत्तात बुद्ध दुसरं काय सांगतो? कानावर आलं म्हणून, परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून मानू नका. त्या म्हातारीला ते कोणी बॅचमध्ये नाही शिकवलं."

"पण साठ पोरांच्या वर्गात हे कोण करणार?" सरांचा आवाज चढला. "परीक्षा आहे, पोर्शन आहे. आम्हीसुद्धा धड्यातलंच लिहिलं, कुठं बिघडलं?"

ठेकेदाराची जुनी जखम उघडली. "तू बोलूच नको बे. सातवीत मराठीच्या पेपरात कवितेचा अर्थ विचारला होता. मले नाही कळली, मी जागा कोरी सोडली. यालेही नाही कळली, यानं गाईडातल्या दहा ओळी उतरवल्या. हा पास, मी नापास! बाई, तीस वर्षं झाली, अजून राग आहे मले."

कट्टा एकदम गप्प. बाईंनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "खरं आहे. 'नाही कळली' असं लिहायची सोय मी ठेवायला हवी होती. तिथून शिकवायला सुरुवात करता आली असती."

ठेकेदारानं मान खाली घातली. "जाऊ द्या न् बाई. तसा गणितातही गेलोच होतो मी."

सर मात्र अजून बरणीकडेच बघत होते. बराच वेळ. मग एकदम म्हणाले, "एका मापाची गिट्टी आहे म्हणून असं झालं. मध्ये बारीक चुरी सोडली तर फटी भरतील. मग पाणी वर यायलाच पाहिजे!"

"अबे भैताडा, मी रोज तेच तं करतो!" ठेकेदारानं त्यांच्या पाठीत धपाटा घातला. "बाई, पाहा, हा विचार करून राहिला!"

"कितवा शनिवार?" बाईंनी विचारलं.

दादांना हसता हसता ठसका लागला. टपरीवाला ओरडत होता, "माझे टोस्ट कायच्यात ठेवू?" आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, आपल्याच पॅम्प्लेटचा पुडा करून चुरी आणायला रस्त्यापलीकडे निघाले होते.