उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणेच लिहावे?

आज नौपाड्यात बहिणीकडे गेलो असता सातवीतल्या भाचीची विज्ञानाची वही सहज हातात आली आणि तेव्हापासून डोके तापलेले आहे. थंड पेल्याच्या बाहेरून पाण्याचे थेंब का जमतात, या प्रश्नाखाली तिने लिहिले होते, ‘आधी मला वाटले, पाणी पेल्यातून झिरपते. पण कोकम सरबत ठेवले तेव्हा बाहेरचे थेंब लाल नव्हते आणि गोडही नव्हते, म्हणजे ते पाणी हवेतले असणार.’ त्यावर एक तिरकी लाल रेघ आणि शेरा: ‘उत्तर पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहावे.’

लिहिता लिहिता एक मूल स्वतःचीच समजूत खोडून काढते, याला शिकणे म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? ‘हवेतील बाष्पाचे संघनन होते’ हे वाक्य गाइडमधून उतरवणाऱ्यांना पूर्ण गुण मिळाले असणार. पण खाडीकाठच्या आपल्या दमट हवेत पेला इतक्या लवकर का ओला होतो, हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल?

आपल्याकडे लेखन हे मराठीच्या तासाचे काम, बाकी विषयांत फक्त उतरवून घ्यायचे. भाषा ही प्रत्येक विषयाच्या शिक्षकाची जबाबदारी आहे, असे ब्रिटनमधल्या बुलक समितीने १९७५ सालीच सांगितले होते. आपण २०२३ मध्ये पाठ्यपुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने घातली, तीही मुख्यतः दप्तर हलके व्हावे म्हणून. मुले वह्या आणतच राहिली आणि २०२५ च्या आरंभी तो निर्णय मागे घेतला गेला. भाचीच्या जुन्या पुस्तकांतली ती पाने मी मुद्दाम उघडून पाहिली. शब्दार्थ, आणि फळ्यावरची उत्तरे. ‘माझी’ म्हणावी अशी एकही नोंद नाही!

वर्गात मुले फार असतात, वर अशैक्षणिक कामांचा बोजा असतो, हे मान्य. ‘संघनन’ हा शब्द तिला यायलाच हवा, हेही मान्य. मग तो समासात लिहून द्यायला कितीशी शाई लागली असती?

खरे तर त्या बाईंवर राग धरवत नाही. त्या जीव लावून शिकवतात, असे भाचीच सांगते. आणि त्या स्वतः शाळेत होत्या तेव्हा त्यांच्याही वहीत असलेच शेरे पडले असतील. राग आहे तो लिहिलेले प्रत्येक अक्षर तपासलेच पाहिजे आणि त्याला गुण दिलेच पाहिजेत, या हट्टाचा. गणिताच्या तासाची शेवटची पाच मिनिटे ‘आज मी कुठे अडलो’ एवढेच लिहायला द्यावीत, शुद्धलेखन पाहू नये, गुण देऊ नयेत. त्यांतले मूठभर कागद वरवर चाळले तरी उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते कळेल, आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

माझ्या यादीत शिक्षक पुष्कळ आहेत. कोणी असे काही करत असेल तर कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात आणि मुख्याध्यापकांची समजूत कशी काढली, ते खाली जरूर लिहावे.