प्लायचा तुकडा पुरावा म्हणून चालेल का?

आज दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. "दादा, तुम्ही त्या साइटवर बिलिंगला होतात ना?" आवाज तरुण होता. वडिलांचं नाव सांगितल्यावर ओळख पटली. आमच्या सेंटरिंगवाल्या (स्लॅबखाली टेकू-फळ्यांचा साचा उभारणाऱ्या) काकांचा मुलगा. मी विचारलं, काका कसे आहेत? म्हणाला, बाबा गेले, दीड वर्ष झालं. मला काय बोलावं सुचेना, तर त्यानेच पुढे विचारलं, "दादा, तो प्लायचा तुकडा अजून घरी आहे. पुरावा म्हणून चालेल का?"

तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. परवा सकाळी स्लॅब भरायचा होता. सेंटरिंग झालेलं, सळई बांधून झालेली, काँक्रीटचा पंप सांगून ठेवलेला. संध्याकाळी ड्रॉइंग बदलल्याचा निरोप आला, तोही फोनवर. एका बाजूच्या चौदा बीमची खोली ६०० मिलिमीटरऐवजी ७५० करायची. ज्यांनी साइट बघितलेली नाही त्यांना वाटेल, वीतभरही फरक नाही, त्यात काय एवढं? पण बीमचा तळ खाली घ्यायचा म्हणजे टेकू सोडायचे, तळाच्या फळ्या उतरवायच्या, बाजूच्या प्लाय वाढवायच्या. आणि सळयांभोवती बांधलेल्या सगळ्या रिंगा वाया, कारण ६०० च्या बीमची रिंग ७५० च्या बीममध्ये घालून करणार काय? इमारत मालकाची, मुख्य ठेका आमच्या कंपनीचा, आणि कंपनीच्या हाताखाली सेंटरिंग आणि सळई, दोन्ही कामं काकांकडेच होती.

काका म्हणाले, साहेब, लिहून द्या. मालकाच्या बाजूचे इंजिनिअर म्हणाले, काका, करून टाका, कागद मागाहून येतो. काका जागचे हलले नाहीत. मग त्या साहेबांनी सुताराच्या कानावरची पेन्सिल घेतली आणि समोरच्या प्लायवर लिहिलं: ६००, त्यावर काट, बाण, ७५०. खाली तारीख आणि आखूड सही. दोन रात्री जागून काकांच्या माणसांनी काम उरकलं. ठरल्या दिवशी स्लॅब भरला, दुपारपर्यंत उशीर झाला इतकंच.

बिल आलं, त्यात या कामाचा एक्स्ट्रा आयटम. आमच्या कंपनीने तो वर मालकाकडे पाठवला. मालकाकडून उत्तर आलं की लेखी आदेश दाखवा, आणि करारात २८ दिवसांची मुदत होती, त्या मुदतीत दाव्याची नोटीस का दिली नाही? मग आमच्या कंपनीने तेच उत्तर खाली काकांना पाठवलं. वर जोडलं, आमचा तुमचा करार बॅक-टू-बॅक आहे, वरून पैसे आले की देऊ. हे पत्र मी टाइप केलं होतं. "विहित मुदतीत लेखी सूचना न दिल्याने आपला दावा ग्राह्य धरता येत नाही." विहित, ग्राह्य. सही वरच्या साहेबांची असली तरी शब्द माझे आहेत.

काकांना २८ दिवसांचं कलम माहीत असणार कसं? वर्क ऑर्डर चार पानांची. त्यात एक ओळ, मुख्य कराराच्या सर्व अटी लागू. तो मुख्य करार त्यांना कुणी कधी दाखवला होता? मीही दाखवला नव्हता.

हे कलम काही आमच्या मालकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. सल्लागार अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, फिडिक, १९१३ ची. त्यांचे करार जगभर वापरतात. १९९९ च्या त्यांच्या लाल पुस्तकात, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारात, स्पष्ट आहे: दाव्याचं कारण कळल्यापासून, किंवा कळायला हवं होतं तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस नाही दिली तर वाढीव मुदतही नाही आणि पैसेही नाहीत. बरं, कलमाला कारण आहे हे मान्य. मालकाला वेळेत कळलं तर तो मोजमाप ठेवेल, निर्णय बदलेल, पर्याय शोधेल. पण इथे मालकाच्याच माणसाने पेन्सिल हातात घेतली होती! त्याला आणखी काय कळवायचं होतं?

आता दुसरे २८ दिवस सांगतो. ब्रिटनमध्ये नव्वदच्या दशकात बांधकाम क्षेत्राची अशीच दैना होती, वरचा पैसे अडवतो, खालचा बुडतो. सर मायकेल लेथम यांनी १९९४ मध्ये अहवाल दिला. त्यातून १९९६ चा कायदा आला आणि मे १९९८ पासून लागू झाला. वाद झाला की कुठल्याही पक्षाने कधीही त्रयस्थ निवाडाकाराकडे जावं, आणि प्रकरण हाती आल्यापासून २८ दिवसांत त्याने निर्णय द्यावा. अगदीच गरज पडली तर थोडी मुदत वाढते. निर्णय आला की आधी पैसे द्यायचे, भांडण पुढे चालवायचं असेल तर लवादात किंवा कोर्टात चालवा. आणि "वरून आले की देतो" ही अट त्याच कायद्याने बाद केली, वरचा दिवाळखोरीत गेल्याचा अपवाद सोडून.

दोन्हीकडे २८ च. एकीकडे २८ दिवसांत कागद नाही दिला म्हणून कामगाराच्या घामाचा हक्क संपतो, दुसरीकडे २८ दिवसांत त्याच्या हक्काचा निकाल लागतो. आमच्या काकांच्या वाट्याला पहिले २८ आले. आणि दुसऱ्यांच्या जागी आली नऊ वर्षं.

नऊ वर्षांत काय झालं ते मुलाने सांगितलं. आधी "आपसात मिटवू" म्हणून बैठका. मग लवाद कोण नेमायचा यावर भांडण. नेमला तर त्यांनी मध्येच प्रकृतीमुळे काम सोडलं. दुसरे आले, पुन्हा पहिल्यापासून. तारीख पडली की काका एक दिवसाची मजुरी सोडून जायचे. समोर कंपनीचा वकील, कंपनीचा बिलिंग इंजिनिअर (मी तोवर नोकरी सोडली होती), कंपनीची एसी गाडी. काकांच्या वकिलाची फी दाव्याच्या रकमेच्या जवळ जाऊन पोहोचली. आता पुढच्या महिन्यात पुराव्याची तारीख आहे आणि ज्याने पुरावा द्यायचा तोच नाही.

थांबा, अजून एक राहिलं. शेवटच्या बिलात काकांचं रिटेन्शनही, म्हणजे आधीच्या बिलांतून राखून ठेवलेली रक्कमही, अडवलं होतं. कारण काय लिहिलं होतं माहितीये? स्लॅबला झालेल्या विलंबापोटी! बीम बदलायला सांगणाऱ्याने उशीर केला नाही, दोन रात्री जागून बदलणाऱ्याने केला. हे लिहिताना आत्ताही हात थरथरतोय.

आणि रिटेन्शन म्हणजे कुणाचे पैसे? केलेल्या कामाचे, आपलेच, पण दुसऱ्याच्या खिशात ठेवलेले. जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधली कॅरिलियन ही अवाढव्य बांधकाम कंपनी बुडाली, लिव्हरपूल आणि बर्मिंगहॅमजवळची दोन मोठी रुग्णालयं अर्धवट राहिली, आणि तिच्याकडे अडकलेली छोट्या ठेकेदारांची रिटेन्शनची रक्कमही तिच्यासोबत गेली. इतका चांगला कायदा असूनही. म्हणजे कायद्याने सगळं होतं असं मी म्हणत नाही. पण कायदाच नसेल तर काय होतं ते मी माझ्या टेबलावर बसून बघितलं आहे.

ब्रिटनचं बघून बाकीच्यांनीही केलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सने १९९९ मध्ये, न्यूझीलंडने २००२ मध्ये, सिंगापूरने २००४ मध्ये, मलेशियाने २०१२ मध्ये, आयर्लंडने २०१३ मध्ये. लहान देश, मोठे देश, सगळ्यांना कळलं की ठेकेदाराची मान पैशाच्या दोरीने आवळली जाते. भारतात असा बांधकामापुरता कायदा अजून नाही. १९९६ चा लवाद कायदा आहे, त्यात दोन्ही बाजूंचं म्हणणं दाखल झाल्यावर १२ महिन्यांत निवाडा द्या असं आता लिहिलं आहे. निवाड्यानंतर त्याला आव्हान, आव्हानावर अपील. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचा निवाडा २०१७ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द आला एप्रिल २०२४ मध्ये. कोण बरोबर होतं ते बाजूला ठेवा, तिथल्या बड्या कंपन्यांना सात वर्षं थांबणं परवडतं. काकांना सात महिने परवडत नव्हते. छोट्या उद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्या असं सांगणारा २००६ चा कायदाही आहे, पण बांधकामाचा ठेका त्यात बसतो की नाही यावरच कोर्टात वाद. दाराशी जाऊन उभं राहावं तर दार आपलं आहे की नाही इथून सुरुवात.

मित्रयादीतल्या वकिलांकडून मी काय ऐकणार आहे ते मला माहीत आहे. २८ दिवसांत घाईने दिलेला निर्णय चुकू शकतो. हो, चुकू शकतो. ब्रिटनच्या कोर्टाने १९९९ मध्येच, मॅकॉब विरुद्ध मॉरिसन खटल्यात, सांगून टाकलं की निवाडाकाराचा निर्णय चुकीचा वाटला तरी तोवर पाळायचा, खरं-खोटं नंतर अंतिम सुनावणीत ठरवा. चूक झाली तर पैसे परत घेता येतात. बुडालेला ठेकेदार परत आणता येत नाही.

दुसरं, ठेकेदार फुगवून दावे लावतात. लावतात. मी बारा वर्षं बिलं तपासली आहेत, कोणता आयटम कुठे फुगतो ते मला शिकवू नका. पण फुगवलेला दावा कापायला नऊ वर्षं लागत नाहीत. एक जाणता माणूस, एक टेप आणि एक दुपार पुरते.

खरं तर ही गोष्टही कुणीतरी आधीच करून ठेवली आहे. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याची दुसरी नळी १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिथे वादांसाठी तज्ज्ञांचं मंडळ नेमलं होतं, काम चालू असतानाच. पहिल्या नळीच्या वेळी झालेल्या भांडणांनी सगळ्यांचे डोळे उघडले होते. मंडळातली माणसं साइटवर येतात, खडक बघतात, विचारतात, तिथल्या तिथे मत देतात. फिडिकनेही पुढे आपल्या करारात असं मंडळ आणलं, निर्णयाला ८४ दिवसांची मुदत. पण मंडळाचा खर्च नको म्हणून कितीतरी करारांतून ते कलम खोडून टाकतात, आणि २८ दिवसांचं मात्र जसंच्या तसं ठेवतात. माझ्या हातून असे करार गेले आहेत. खोडलेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

त्या रात्री असं कुणी साइटवर असतं तर? पेन्सिलीचे आकडे ताजे होते, सोडलेल्या फळ्या बाजूला पडल्या होत्या, ६०० च्या रिंगांचा ढीग समोर होता. पाच मिनिटांचं काम. आता लवादासमोर फाइल आहे, आणि फाइलमध्ये मी टाइप केलेलं ते पत्र.

बीम मात्र तिथेच आहेत. चौदाच्या चौदा, ७५० चेच. वर माणसं राहतात. कुणीही टेप घेऊन जावं आणि मोजावं. बीम ७५० चे नाहीत असं ना मालक म्हणतो ना कंपनी. ते फक्त म्हणतात, ते ७५० कुणाच्या सांगण्यावरून झाले याचा कागद नाही.

मगाशी राग आला होता, आता नुसतं वाईट वाटतंय. काकांची एक सवय होती. स्लॅब भरला की ते खाली जाऊन टेकूंवर हाताने थाप मारत फिरायचे, एकेका टेकूला. आवाजावरून कळतं म्हणायचे, कुठला सैल आहे. त्या दिवशीही फिरले, दोन रात्रीच्या जागरणानंतर. मी हसून म्हटलं, काका, आता झोपा. म्हणाले, साहेब, वर एवढं ओझं ठेवलंय, झोप कशी येईल?

आता एक गोष्ट सांगतो जी फोनवर त्या मुलालाही आधी सांगितली नव्हती. तेव्हा त्या मजल्यावर लाइट नव्हता. ते साहेब प्लायवर लिहीत होते तेव्हा त्यांच्या हातावर मोबाइलचा टॉर्च मी धरला होता. आकडा, बाण, तारीख, सही, सगळं माझ्यासमोर लिहिलं गेलं. आणि तीन महिन्यांनी लेखी आदेश नाही असं पत्र मीच टाइप केलं. तेव्हा नोकरी नवी होती, घरी जबाबदाऱ्या होत्या, हे खरं आहे. पण काकांच्याही घरी होत्याच ना.

सेंटरिंग उतरवल्यावर काकांनी तो तुकडा करवतीने कापून घरी नेला होता. तेवढाच, हातभर. मुलाला वाटत होतं बाबा नादच करतात.

संध्याकाळी मी त्याला परत फोन केला. टॉर्चचं सांगितलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, म्हणजे तुम्ही सांगाल तिथे? म्हटलं, सांगेन, त्या पत्रासकट सांगेन. तुझ्या वकिलांना माझा नंबर दे. आणि त्या प्लायला पाणी लावू नकोस, फडक्याने पुसू नकोस, पेन्सिल फिकट झाली असली तरी वरून गिरवू तर अजिबात नकोस. आहे तसा कोरड्या कापडात गुंडाळून ठेव. शनिवारी येतो.