हॉटेलं भरलेली दिसतात, म्हणून घरं सुखात आहेत असं नाही

“एवढी महागाई आहे, तर हॉटेलांबाहेर नंबर लावून लोक का बसलेत?” हा प्रश्न हल्ली इतक्यांदा कानावर येतो की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावंसं वाटलं. विचारणारे बहुतेक माझ्या ओळखीचेच आहेत, पक्क्या नोकरीतले, मनाने चांगले. त्यांना खरंच तसं दिसतं. आणि हॉटेलं भरलेली असतात हेही खोटं नाही. पण तालुक्याच्या गावातली आठ-दहा चांगली हॉटेलं भरायला दोन-अडीचशे कुटुंबं पुरतात. बाकीच्या हजारो घरांत रविवारी संध्याकाळी काय चाललेलं असतं, ते रस्त्यावरून जाताना दिसत नाही.

मला त्यातलं थोडं दिसतं, कारण मी बार्शीत एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर बसते.

सोनं गहाण ठेवणं ही लाजेची गोष्ट आहे असं मी अजिबात मानत नाही. आपल्याकडे बाईच्या अंगावरचं सोनं हीच घराची बँक होती आणि आहे. जूनमध्ये पाऊस पडला की बी-बियाणं आणि खतासाठी पाटल्या यायच्या, सोयाबीन-उडीद विकला गेला की दिवाळीच्या आगेमागे सुटून जायच्या. लग्न, विहीर, पाईपलाईन, म्हैस, अशी कारणं असायची. दागिना ठेवतानाच तो कशातून सुटणार हे माणसाला माहीत असायचं.

आमच्या फॉर्मवर ‘कर्जाचे कारण’ असा एक रकाना आहे. त्यात आता जे लिहावं लागतं ते बघून पोटात कालवाकालव होते. कॉलेजची फी. दवाखाना. दुसरीकडचा थकलेला हप्ता. आणि सगळ्यात जास्त वेळा नुसतं ‘घरखर्च’. खतासाठी ठेवलेल्या पाटल्यांमागे रानात पीक उभं असतं. घरखर्चासाठी ठेवलेल्या कानातल्यांमागे पुढच्या महिन्याचा घरखर्च उभा असतो, दुसरं काही नाही. असे दागिने सुटत नाहीत. मुदत संपली की लोक व्याज भरून खातं नवं करतात आणि पावती घेऊन जातात.

एका घराचं सांगते. ओळख पटेल असं काही लिहीत नाही. नवरा मार्केट यार्डात आडतीवर दिवाणजी. बायको घरी पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते. मोठा मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर, चाकणला कंपनीत. धाकटी फार्मसीला. म्हणजे घरात रिकामं कुणीच नाही. दिवाणजीला महिन्याला चौदा हजार मिळतात. मुलगा कंत्राटदाराकडून लागलेला, हातात सोळा हजार येतात. खोलीभाडं, मेस आणि अधूनमधून गावी येणं-जाणं यात ते तिथल्या तिथे संपतात, आणि अकरा महिने झाले की ‘ब्रेक’ मिळतो. मुलीची ट्यूशन फी माफ झाली. राज्य सरकारने २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, तो निर्णय खरोखर कामाचा आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण होस्टेल आणि मेसचे पैसे घरच्यांनाच भरावे लागतात.

त्या बाईंनी आधी कानातले ठेवले होते, मग अंगठी. यंदा गंठण घेऊन आल्या. सराफाने कसोटीवर घासून कस बघितला, वजन केलं. मी फॉर्म भरायला घेतला तर म्हणाल्या, “मॅडम, वाट्या तेवढ्या काढून द्या. काळ्या मण्यांत ओवून घालते. नाहीतर बायका विचारतात.” सराफाने चिमट्याने वाट्या सोडवून त्यांच्या हातावर ठेवल्या आणि उरलेल्याचं वजन पुन्हा केलं.

सरकारी पाहणीत हे घर बेरोजगारांत धरलं जाणार नाही. चौघांतले तिघे ‘कामाला’ आहेत, चौथी शिकतेय. माझं सगळं म्हणणं इथेच आहे. आपल्याकडचं दुखणं निव्वळ बेकारीचं नाही आणि निव्वळ भाववाढीचंही नाही. माणसं कामाला लागलेली आहेत, पण त्या कामात घर भागत नाही.

आता आकड्यांकडे येते, कारण भावनेच्या भरात लिहिलंय असं कुणी म्हणू नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये किरकोळ महागाईचा दर ०.२५ टक्क्यावर आला, हे मला लोक मोबाइलवर दाखवतात. आकडा बरोबर आहे. पण हा दर म्हणजे गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा भाव किती वाढले ते. एप्रिल २०२२ मध्ये हाच दर ७.७९ टक्के होता, जुलै २०२३ मध्ये ७.४४, ऑक्टोबर २०२४ मध्ये ६.२१. शंभराची वस्तू तीन-चार वर्षांत एकशेवीसच्या घरात गेली आणि नंतर तिथेच थांबली, तर दर शून्य होतो, वस्तू पुन्हा शंभराला मिळत नाही. दिवाणजीचा पगार मात्र त्या तीन-चार वर्षांत हजार रुपयांनीच वाढला. दुसरं असं की ज्या निर्देशांकावर गेली कित्येक वर्षं महागाई मोजली गेली, त्यात शिक्षणाचं वजन साडेचार टक्क्यांच्याही आत होतं आणि आरोग्याचं सहाच्या आत. ज्या घरात एक लेकरू बाहेरगावी शिकतंय आणि एका म्हाताऱ्या माणसाला शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्या घराला हे वजन कसं लागू पडेल? भाजी स्वस्त झाली की आकडा खाली येतो. पण फी, भाडं आणि औषधं यांत भाजीसारखं पुढे ढकलता येत नाही. गवार महाग झाली तर माणूस पालेभाजी आणतो. होस्टेलच्या हप्त्याला असा पर्याय नसतो.

घरटी खर्चाची सरकारी पाहणी २०२३-२४ सालची आहे. त्यात देशातल्या ग्रामीण भागाचा माणशी सरासरी मासिक खर्च ४,१२२ रुपये निघाला, शहरी भागाचा ६,९९६. म्हणजे खेड्यात चार माणसांचं घर साडेसोळा हजारांत. ही सरासरी झाली, वरच्यांना धरून. अगदी तळातल्या पाच टक्के ग्रामीण लोकांचा माणशी खर्च १,६७७ रुपये आहे. खेड्यातल्या खर्चाचा निम्म्याजवळचा भाग खाण्यावर जातो. एवढ्यात एखादं ऑपरेशन निघालं तर ते कशातून होतं, हे मला कुणी विचारावं.

आणि शेतकरी घरांना तर हे दोन्हीकडून लागतं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास विकावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढलं आणि तेल महागलं. ज्याने सोयाबीन पडत्या भावात घातलं, त्यानेच सोयाबीन तेलाची पिशवी चढ्या भावात आणली. आडतीवर हे रोज बोललं जायचं. शुल्कवाढीने शेतकऱ्याला भाव मिळेल असं सांगितलं होतं, आमच्या भागात तरी तो मिळाला नाही.

सोन्याचा भाव वाढल्यामुळे लोक श्रीमंत झाले, असंही म्हणतात. एप्रिल २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला. माझ्या टेबलावर त्याचा अर्थ एवढाच झाला की त्याच दागिन्यावर जास्त रक्कम उचलता येऊ लागली. दागिना तोच, कर्ज मोठं. मार्च २०२५ पर्यंतच्या एका वर्षात देशातल्या बँकांची सोन्यावरची कर्जं दुपटीला पोचली. त्यातली काही वाढ कर्जाची वर्गवारी बदलल्यामुळे दिसते, हे मान्य. पण सगळी तशी नाही. २०२२-२३ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या पाच टक्क्यांच्या आसपास उतरली होती, कित्येक दशकांत एवढी खाली गेली नव्हती. लोकांनी घरं-गाड्या घेतल्या म्हणून बचत कमी दिसते, असं सरकारचं उत्तर होतं. काहींनी घेतल्या असतीलच. घरखर्चासाठी गंठण ठेवणाऱ्यांनी घेतल्या नाहीत.

आता बेरोजगारी. २०२३-२४ चा अधिकृत दर ३.२ टक्के. २०१७-१८ मध्ये तो ६.१ होता. हा आकडा मला खोटा वाटत नाही, फक्त त्यात कोण कोण मोजलं जातं ते बघायला हवं. बापाच्या टपरीवर बिनपगारी बसणारा मुलगा त्यात रोजगारात धरतात. नोकरी सुटली म्हणून रानात परत आलेलाही. त्याच काळात स्वयंरोजगारातल्या लोकांचा वाटा ५२ टक्क्यांवरून ५८ वर गेला आणि शेतीवरचा वाटा ४४ वरून ४६ वर. शिकून-सवरून लोक शेतीतून बाहेर पडायला हवे होते, ते आत येतायत. गरिबाला घरी बसून राहणं परवडत नाही, तो मिळेल ते करतो, म्हणून दर कमी दिसतो. २०२४ च्या भारत रोजगार अहवालात, ज्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटना सहभागी होती, पदवीधर तरुणांतली बेरोजगारी २९ टक्के दिली आहे आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतली साडेतीन टक्क्यांच्या आत. शिकलेला थांबतो, कारण घरच्यांनी त्याच्या शिक्षणावर पाटल्या घातलेल्या असतात.

“पोरांना कामच नको,” असं म्हणणाऱ्यांना मी दोन भरत्यांची आठवण करून देते. २०२३ मध्ये तलाठ्याच्या ४,६४४ जागा निघाल्या, अर्ज आले दहा लाखांवर. परीक्षेची फी खुल्या वर्गाला हजार रुपये, राखीवला नऊशे. २०२४ मध्ये पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी साडेसतरा लाखांवर अर्ज. ज्या पोराला काम नको असतं, तो पहाटे उठून डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर पळायचा सराव करत नाही. पुण्यात शास्त्री रोडच्या अभ्यासिकांत खुर्चीचं भाडं भरून सकाळपासून रात्रीपर्यंत बसत नाही. परीक्षा पुढे जाते, निकाल कोर्टात अडकतो, वय वाढत जातं. गावाकडे आई भाऊबीजेला विचारते, यंदा काही होईल का रे. लग्नाच्या बोलणीतही पहिला प्रश्न नोकरीचा असतो, एकरांचा नंतर येतो.

दुकानदार मंडळी सांगतात की माणूस मिळत नाही. मी त्यांना विचारते, किती देता? उत्तर आठ ते दहा हजार असतं, सकाळी दहा ते रात्री नऊ, रविवारी अर्धा दिवस. त्यांचंही सगळं खोटं नाही. त्यांचा धंदा ऑनलाइनने खाल्लाय, भाडं वाढलंय, उधारी वसूल होत नाही. पण त्या पगारात घर उभं राहत नाही म्हणून पोरगा पुण्याला जाऊन गाडीवर पार्सलं पोचवतो, तर त्याला कामचुकार म्हणणं अन्याय आहे.

लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर बोलताना लोक फार वाईट बोलतात. मी त्या पैशांनी सिलिंडर आलेला बघितलाय, मुलीच्या क्लासची फी गेलेली बघितलीय. जुलै २०२४ पासूनच्या या योजनेत अट आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असण्याची, म्हणजे महिन्याला एकवीस हजारांच्याही आत. २०२५ च्या छाननीत लाखो नावं गळाली, तरी तेव्हा दोन कोटींवर बायका त्यात राहिल्या. देशातल्या सगळ्यात श्रीमंत राज्यांत आपली गणना होते आणि इथे एवढ्या बायकांच्या घरांत महिन्याला एकवीस हजार येत नाहीत, हे खुद्द सरकारच्या यादीनेच सांगितलं. घरं खरंच अडचणीत आहेत का, या प्रश्नाला याहून वेगळा पुरावा शोधायला मला कुठे जावं लागत नाही.

हातात स्मार्टफोन आहे, दारात टूव्हीलर आहे, मग गरीब कसे, हाही एक मुद्दा येतो. फोनशिवाय आज भरतीचा अर्ज भरता येत नाही, शाळेचा गृहपाठ बघता येत नाही. गाडीशिवाय वाडीवरून एमआयडीसीत पहिली पाळी गाठता येत नाही. या वस्तू आता चैनीच्या राहिलेल्या नाहीत. आणि काही गोष्टी सुधारल्यात हे मी नाकारत नाही. रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, त्यामुळे उपाशी कुणी झोपत नाही. पण उपाशी न झोपणं ही दोन इंजिनिअरिंग-फार्मसीची लेकरं वाढवलेल्या घराची अपेक्षा नव्हती.

मला सरकारकडून हवंय ते फार मोठं नाही. भरतीचं वेळापत्रक पाळा. परीक्षा रद्द झाली तर फी परत करा. पीएफ सक्तीचा असण्यासाठीची पंधरा हजारांची पगारमर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली, त्याच वेळी त्यातल्या पेन्शनची किमान रक्कम महिना हजार रुपये ठरली, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी दोन्ही आकडे तिथेच राहिले. कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस हजार-दीड हजार पेन्शनचं पासबुक घेऊन आमच्याकडे येतो, तेव्हा त्याला काय सांगावं ते सुचत नाही.

माझ्या मित्रयादीत दुकानदार आहेत, आडते आहेत, छोटे कारखानदार आहेत. तुम्ही पगार किती देता, तास किती घेता, पीएफ भरता का, हे कमेंटमध्ये लिहा. आणि जे कामाला आहेत त्यांनी आपला पगार आणि घरभाडं लिहा. दुकानाचं, कंपनीचं नाव नको. लिहायला अवघड वाटत असेल तर मला मेसेज करा, मी नाव न घेता इथे टाकते.