सावलीचे डबे, विश्वामित्रीचं पाणी

पंधरा ऑगस्टच्या आसपास आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण होतं. काका म्हणतात, देशात खरं काम सुरू झालं ते २०१४ नंतर. मावसभाऊ म्हणतो, धरणं, आयआयटी, पोलाद कारखाने, हरितक्रांती हे सगळं आधीच झालेलं होतं, आता नुसत्या फिती कापणं चाललंय. बडोद्याच्या मराठी घरांत या दोघांच्या डोक्यावर बसणारा एक तिसरा पक्षही असतो. आमच्याकडे तो आत्या चालवते. "तुम्ही दोघंही गप्प बसा. जे काही केलं ते महाराजांनी. नंतर कोणी काय केलं ते दाखवा."

मी ब्रिस्बेनला एका खासगी कंपनीत पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची गणितं करते. या वादात माझं मत सहसा कोणी विचारत नाही, आणि मी आपणहून दिलं तर पुढचं वाक्य ठरलेलं: "तुला काय, तू तिकडे." म्हणून इथे सविस्तर लिहिते. तिकडे आणि इकडे, दोन्हीकडचं.

आत्यापासून सुरुवात करू, कारण तिची बाजू वरवर पाहता सगळ्यात भक्कम आहे. तिचे महाराज म्हणजे बडोदा संस्थानचे सयाजीराव गायकवाड. त्यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. मी जिथे इंजिनिअरिंग शिकले ते कलाभवन १८९० चं. बँक ऑफ बडोदा १९०८ ची. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा तज्ज्ञ आणवला, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरवल्या. आजव्याचं तळं बांधून शहराला नळाचं पाणी दिलं. हे सगळं खरं. पण याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर १९१७ मध्ये नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून हाकललं, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकत, आणि शेवटी ते कमाटी बागेत झाडाखाली बसले. शिष्यवृत्ती देणं राजाच्या हातात होतं, खोली देणं शहराच्या. चांगला राजा हा नशिबाचा भाग असतो, आणि त्याचा हुकूम शेजाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत पोचतोच असं नाही. अस्पृश्यता हा गुन्हा ठरायला १९५० ची राज्यघटना यावी लागली. आत्याला हे सांगितलं की ती विषय सेव उसळीवर नेते.

काका आणि मावसभाऊ यांचं भांडण मला त्यामानाने कंटाळवाणं वाटतं, कारण दोघंही निम्मे बरोबर आहेत. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता १८ टक्के होती, २०११ मध्ये ७४ टक्के. स्वातंत्र्याच्या वेळी माणूस सरासरी बत्तीसेक वर्षं जगायचा, आता सत्तरच्या घरात. धान्य पाच कोटी टन पिकायचं, आता पस्तीस कोटी टनांच्या आसपास, आणि मधल्या काळात लोकसंख्या जवळजवळ चौपट झाली. साठच्या दशकात अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेला देश आज तांदूळ निर्यात करतो. हे कुठल्याही एका पक्षाने किंवा एका दशकात केलेलं नाही. बडोद्यापुरतंच बोलायचं तर कोयलीची रिफायनरी १९६५ ची, आणि सी-२९५ ही लष्करी वाहतुकीची विमानं जोडणाऱ्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४ चं. दोन्ही आपलीच.

माझा मुद्दा वेगळा आहे, आणि तो मला सुचला इथल्या लोकल गाडीत.

ब्रिस्बेनच्या उपनगरी मार्गांवर धावणाऱ्या नव्या गाड्यांपैकी पंच्याहत्तर गाड्या बडोद्याजवळ सावली गावच्या कारखान्यात बनल्या. तेव्हा तो बॉम्बार्डियरचा होता, आता अल्स्टॉमचा. पहिली गाडी २०१६ मध्ये जहाजाने इथल्या बंदरात उतरली. कामावर जाताना मी ज्या गाडीत उभी असते ती माझ्या माहेरच्या जिल्ह्यातून आलेली आहे, हे कळल्यावर मी ते पहिल्यांदा काकांनाच कळवलं होतं. त्यांनी तिरंग्यांची रांग पाठवली.

पण त्या गाड्यांत एक मोठी खोट निघाली. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला राखीव जागेवरून स्वच्छतागृहापर्यंत जाता येईना, वाट अरुंद. देशाच्या अपंगांसाठीच्या नियमांत गाडी बसत नव्हती. इथल्या राजकारणात लगेच सूर लागला की भारतात बनवल्या म्हणून हे झालं. माझ्या पोटात गोळा आला, खोटं कशाला बोलू? मग सरकारने एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी बसवली. सुनावण्या झाल्या, अपंगांच्या संघटनांनी साक्षी दिल्या, २०१८ च्या शेवटी अहवाल जाहीर झाला. तो कोणालाही वाचता येतो, मी वाचला. चूक सावलीच्या कामगारांची नव्हती. ज्या सरकारने गाड्या मागवल्या त्याच सरकारच्या खात्यांनी खरेदीच्या वेळी नियमांकडे नीट पाहिलं नव्हतं, आणि ज्यांना गाडी वापरायची होती त्यांना वेळेत विचारलं नव्हतं. त्यानंतर सुमारे ३३ कोटी डॉलर खर्चून मेरीबरो इथे सगळ्या गाड्यांत दुसरं स्वच्छतागृह बसवलं, वाटा रुंद केल्या.

म्हणजे ज्याला आपण प्रगत देश म्हणतो त्याने पंच्याहत्तर गाड्या चुकीच्या मागवल्या. चुका इकडेही होतात, आणि चांगल्या घसघशीत होतात. फरक पडतो तो चूक उघडी पडल्यावर पुढे काय होतं त्यात.

पुराचंच घ्या, कारण ते माझं रोजचं काम. ब्रिस्बेन नदीला १९७४ मध्ये महापूर आला, म्हणून वर वायव्हेनहो धरण बांधलं. लोक म्हणाले, आता पूर येणार नाही. जानेवारी २०११ मध्ये आला, शहरातल्या मापकावर ४.४६ मीटर. चौकशी आयोग बसला. धरणाच्या दारांवर त्या रात्री बसलेल्या इंजिनिअरांना विचारलं गेलं: किती वाजता कोणतं दार उघडलं, नियमपुस्तिकेतल्या कोणत्या कलमाप्रमाणे, नोंद कधी लिहिली. एका वृत्तपत्राने नोंदींवर शंका घेतली म्हणून सुनावणी पुन्हा सुरू झाली. इंजिनिअरांची नावं पेपरात छापून आली, प्रकरण दुसऱ्या आयोगाकडे गेलं, आणि तिथे ते निर्दोष ठरले. पूरग्रस्तांनी दावा लावला. त्यातल्या दोन प्रतिवादींनी ४४ कोटी डॉलरवर तडजोड केली, तिसरा २०२१ मध्ये अपिलात सुटला. दहा वर्षं गेली. न्याय मिळाला का? इथे दहा जणांना विचाराल तर दहा उत्तरं येतील. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बऱ्याचशा त्याच गल्ल्यांत पुन्हा पाणी शिरलं. तेव्हा कुठे सरकारने सखल भागातली काही घरं विकत घेऊन पाडायला काढली.

आता विश्वामित्री. पावागढावरून येणारी, मगरी पोटात घेऊन शहराच्या मधून वाहणारी आपली नदी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला आणि मगरी रस्त्यावर आल्या, ते व्हिडिओ जगाने पाहिले. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि अर्धं शहर दोन-तीन दिवस पाण्यात होतं. आमच्या नात्यातल्या एका घरी तळमजल्यावर छातीएवढं पाणी. नदीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवून त्यांवर काय काय उभं राहिलंय हे बडोद्यात कोणाला माहीत नाही? काही जागरूक बडोदेकर त्यासाठी हरित लवादात गेले होते आणि लवादाने २०२१ मध्ये अतिक्रमणांविरुद्ध आदेशही दिला होता. पूर त्यानंतर तीन वर्षांनी आला. २०२५ च्या पावसाळ्याआधी पात्र रुंद करण्याचं आणि गाळ काढण्याचं काम झपाट्याने झालं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. आपल्याकडे मनात आणलं तर शंभर दिवसांत जे होतं ते इकडे पर्यावरण परवान्यातच पाच वर्षं अडकलं असतं.

पण त्याच २०२५ च्या ९ जुलैला आमच्याच जिल्ह्यातल्या पादरा तालुक्यातला, मही नदीवरचा गंभीरा पूल मधून तुटला. वाहनं नदीत गेली, वीस माणसं तरी मेली, आणि एक टँकर तुटलेल्या टोकावर कित्येक दिवस लटकत राहिला. चाळीस वर्षांचा पूल. पुलाचं आयुष्य तेवढंच नसतं. एका जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ मध्येच त्याबद्दल तक्रार केली होती, हे तेव्हाच्या बातम्यांत आलं. दुसऱ्याच दिवशी चार इंजिनिअर निलंबित झाले, आणि ग्रुपवर काका म्हणाले, बघ, किती तत्परतेने कारवाई झाली.

नेमकं इथेच माझं आणि त्यांचं फाटतं. मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे, म्हणून हे जरा चिडूनच लिहिते. निलंबन हे उत्तर नाही, उत्तर टाळण्याचा तो सगळ्यात जलद मार्ग आहे. मागच्या दहा वर्षांत त्या पुलाची तपासणी कोणी केली, तपासणीत काय लिहिलं, दुरुस्तीला किती पैसे मागितले, वरून किती मंजूर झाले, वाहतूक बंद करा असं कोणी सुचवलं होतं का आणि त्यावर कोणी सही केली नाही, हे सगळं एका जागी, नावांसकट, कोणालाही वाचता येईल असं बाहेर आलं पाहिजे. कदाचित त्यात ते चौघे दोषी निघतील. कदाचित त्यांनीच आधी पत्रं लिहिलेली निघतील. ब्रिस्बेनच्या धरणावरच्या इंजिनिअरांना चौकशीने छळलं हे खरं, पण वाचवलंही चौकशीनेच.

बडोद्यातल्या हरणीच्या तळ्याचंही तेच. १८ जानेवारी २०२४, शाळेची सहल, क्षमतेपेक्षा जास्त मुलं भरलेली होडी, जीवरक्षक जाकिटं सगळ्यांच्या अंगावर नाहीत. बारा मुलं आणि दोन शिक्षिका बुडाल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली म्हणून कंत्राट कसं दिलं गेलं हा प्रश्न तरी विचारला गेला. तो प्रश्न विचारायला उच्च न्यायालय का लागावं? महापालिका आपली, नगरसेवक आपण निवडलेले.

ऐंशी वर्षांच्या हिशेबात आपण बांधलेल्या गोष्टी मोजतो, आणि त्या मोजाव्यातच. पण बांधलेलं मोडल्यावर कारण शोधून लिहून ठेवण्याची आणि ते लोकांसमोर ठेवण्याची सवय मात्र आपण लावून घेतलेली नाही. ती ना १९४७ नंतर लागली ना २०१४ नंतर, आणि महाराजांच्या काळात तर प्रश्नच नव्हता. पायाभरणी आपल्याकडे मंत्री करतात, देखभाल कोणीच नाही.

काकांची हरकत मला ठाऊक आहे: ऑस्ट्रेलियात माणसं पावणेतीन कोटी, एकट्या गुजरातमध्ये त्याच्या दुपटीहून जास्त. बरोबर. पण पुलांच्या तपासणीचे अहवाल संकेतस्थळावर टाकायला माणसं कमी असावी लागत नाहीत. ज्या देशात भाजीवाला फोनवर पैसे घेतो, आणि हे इकडे अजून धड जमलेलं नाही, त्या देशात हे तांत्रिकदृष्ट्या पोरखेळ आहे. इथे महापालिकेच्या नकाशावर घराचा पत्ता टाकला की ते घर पुरात किती बुडू शकतं हे फुकट कळतं. घर घेणारे आधी तेच बघतात, विकणारे त्यावर नाक मुरडतात. बडोद्यात समा किंवा कलाली भागात फ्लॅट घेणाऱ्याला हे बिल्डरच्या तोंडून ऐकावं लागतं. माहिती अधिकाराचा कायदा आपल्याकडे २००५ पासून आहे. पण मागितल्यावर देणं वेगळं आणि आधीच उघडं ठेवणं वेगळं.

काकांची दुसरी हरकत जास्त खरी आहे. ते म्हणतात, असं सगळं उघडं केलंस तर विरोधक त्याचं राजकारण करतील. करतीलच. सावलीच्या गाड्यांची चौकशी इथल्या मजूर पक्षाच्या सरकारने बसवली, तीही आधीच्या सरकारवर खापर फोडता येईल या आशेने, आणि अहवालात दोन्ही राजवटींतल्या चुका निघाल्या. राजकारण भरपूर झालं. तरी अहवाल छापून आला आणि गाड्या दुरुस्तीला गेल्या.