वायरमनच्या गाण्यात प्रेम कुठे आहे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली आहे, पण गाणं नीट ऐकून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटेना. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या कंट्री, म्हणजे गावाकडच्या ढंगाच्या संगीताचा गायक ग्लेन कॅम्पबेल याच्या ‘विचिटा लाइनमन’ या गाण्याला मी उत्तम प्रेमगीत म्हटलं. त्यावर तुमचं म्हणणं असं की एक वायरमन तारा, ऊन, बर्फ आणि सुट्टी यांबद्दल बोलत राहतो, प्रेमाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. गाणं दोन कडव्यांत आटोपतं, म्हणजे अपुरंच. त्यावर व्हायोलिनचा पाक ओतून ते खपवलं, आणि आजचं त्याचं कौतुक हे निव्वळ स्मरणरंजन आहे.

अपुरं आहे, हे तर गाणं लिहिणाराच सांगतो. 1968 साली कॅम्पबेलला गीतकार जिमी वेबकडून गावाचं नाव असलेलं आणखी एक गाणं हवं होतं, कारण फीनिक्स शहराच्या नावाचं आधीचं गाणं चाललं होतं. वेब तेव्हा विशीतला. ओक्लाहोमा राज्यातल्या सपाट, निर्मनुष्य रस्त्यावरून गाडीने जाताना खांबावर चढून फोन कानाला लावलेला एक माणूस त्याने पाहिला होता. खरी जागा वॉशिटा परगण्यातली. कानाला बरं वाटलं म्हणून ‘विचिटा’ हे शहराचं नाव केलं. दोन कडवी झाली, तिसरं व्हायचं होतं, आणि ‘हे अजून पुरं नाही’ असं कळवून त्याने कच्चं ध्वनिमुद्रण पाठवून दिलं. पुढे बरेच दिवस काही कळेना, म्हणून त्याने विचारलं, तर गाणं रेकॉर्ड होऊनसुद्धा गेलेलं!

आता तिसऱ्या कडव्याच्या जागी काय आहे ते पाहा. कॅम्पबेल मुळात लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमधला तयारीचा गिटारवादक. इतरांच्या असंख्य गाण्यांत तो वाजवून चुकला होता. बासवादक कॅरल के हिचं डॅनइलेक्ट्रो कंपनीचं सहा तारांचं बास (खर्जातलं गिटार) त्याने मागून घेतलं आणि त्यावर कडव्याचीच चाल वाजवली. तानबाजी नाही, करामत नाही. खर्जातल्या जाड तारांवर ती चाल अशी येते की बोलता बोलता माणसाला पुढचं सुचेना आणि तो नुसता गुणगुणू लागला. हा माणूस मनातलं बोलणाऱ्यांपैकी नाहीच. त्याच्या तोंडी तिसरं कडवं घातलं असतं तर त्याला आणखी काहीतरी समजावून सांगावं लागलं असतं, आणि तिथेच तो खोटा पडला असता.

चालही तशीच. आपल्या कानाला दर अंतऱ्यानंतर ध्रुवपदावर येऊन टेकायची सवय. इथे ध्रुवपदच नाही. कडवं एफ मेजर या स्वरपट्टीच्या अंगाने सुरू होतं, हळूहळू डी या पट्टीकडे सरकतं, आणि ज्या षड्जावरून निघालो तिथला निवांत विसावा काही मिळत नाही. शेवटी गाणं संपतही नाही, नुसतं विरत जातं. ‘तो अजून लाइनवरच आहे’ या अर्थाच्या ओळीनंतर दुसरं काय करणार? तुम्हाला जे अर्धवट वाटतं ते मला ताणलेलं वाटतं. तारेचं काम असतं तसं.

प्रेमाच्या ‘दोनच ओळी’ हा तुमचा खरा आक्षेप. त्या ओळींत तो म्हणतो, तू मला हवी आहेस यापेक्षा तुझी मला गरज आहे. असं म्हणून थांबत नाही. लगेच पुढे म्हणतो, आणि हवी आहेस ती कायमची. आधी इच्छा खाली, गरज वर. पुढच्याच श्वासात इच्छाही जन्मभराची. तर्काने पाहिलं तर स्वतःलाच खोडलंय. पण प्रेमाबद्दल बोलायची सवय नसलेला माणूस असंच बोलतो, नाही का? शिवाय बाकीच्या ओळी प्रेमाच्या नाहीत हे मला मान्यच नाही. सुट्टी हवी आहे पण पावसाचं चिन्ह दिसत नाही. बर्फ पडला तर दक्षिणेकडची लाइन ताण सोसणार नाही. हे हवामानाचं बातमीपत्र आहे का? घरी न जाण्याची कारणं मोजतोय तो, आणि ताण कोणाला सोसवेना तेही आपल्याला कळतं. तिचं गाणं त्याला तारेतच ऐकू येतं. प्रेमासाठी कामातून वेगळा वेळ काढलेला नाही, हेच या गाण्याचं मर्म.

पाकाबद्दल. त्या काळातल्या कंट्री-पॉपमधली ढीगभर गाणी पाकात बुडून मेली, यावर आपलं एकमत. पण इथे संगीत-संयोजक अल डी लोरीने व्हायोलिन उंच स्वरात ठेवून तारेचा गुंजारव उभा केलाय. ती सजावट नाही, जागा आहे. तरीही शंका असेल तर कंट्री गायक जॉनी कॅशने उतारवयात गायलेलं ऐका. पाक पूर्ण काढून टाकलाय, आवाज थकलेला आहे, आणि गाणं उभंच आहे. त्याच्या कितीतरी आधी, 1971 साली रे चार्ल्सने ते सोल या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकीच्या अंगाने गायलं होतं. जॅझवाल्या कॅसँड्रा विल्सनचंही आहे. एवढ्या वेगवेगळ्या घराण्यांचे लोक एकाच स्मरणरंजनात कसे सापडतील? बरं, तेव्हा तरी ते फक्त गावाकडच्या श्रोत्यांचं कुठे होतं? बिलबोर्ड या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या याद्यांमध्ये कंट्रीच्या यादीत ते पहिलं आणि सर्वसाधारण यादीत तिसरं होतं.

एक मात्र राहिलंच. ‘वायरमन’ हा शब्द तुम्ही ज्या सुरात वापरलात तो आवडला नाही. भर पावसात रात्री दोनला खांबावर चढलेल्या माणसाला घरचं कोणी आठवत नसेल, असं तुम्हाला वाटतं का?

असो. तुमच्या मते गाण्याला तिसरं कडवं हवंच असेल, तर मराठीतच लिहून खाली टाका. त्या बासच्या तुकड्यावर म्हणून बघू, बसतंय का ते.