'फेअर' म्हणजे गोरा, जत्रा, न्याय्य, बरा. हे काय उत्तर झालं?

एका साध्या इंग्रजी शब्दाचा अर्थ बघायला जावं आणि समोर शब्दांचा ढीग ओतून दिला जावा, याचा मला मनापासून संताप येतो. 'फेअर' हाच शब्द घ्या. मोफत शब्दकोशाच्या कितीतरी ॲपमध्ये त्याचे अर्थ एका ओळीत, स्वल्पविराम देऊन लिहिलेले असतात: गोरा, जत्रा, न्याय्य, बरा, निरभ्र, सुंदर, रास्त. त्याखाली समानार्थी शब्द: जस्ट, ब्लाँड, ब्यूटिफुल, मीडिओकर, कार्निव्हल, इम्पार्शल, क्लिअर. झालं, संपलं. मधे दोन जाहिराती. 'ब्लाँड' म्हणजे सोनेरी केसांचा आणि 'इम्पार्शल' म्हणजे निःपक्षपाती, दोन्ही एकाच रांगेत! हे नक्की कुणाचे समानार्थी? न्यायाधीश 'फेअर' होते असं वाक्य वाचून जो माणूस अर्थ शोधायला आला, त्याला सोनेरी केसांशी काय घेणं?

बरं, जत्रेचा 'फेअर' तर मुळात वेगळाच शब्द आहे. तो लॅटिन 'फेरिया' म्हणजे सणाच्या दिवसावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. न्याय्य, गोरा, निरभ्र हे अर्थ ज्याचे आहेत तो 'फेअर' जुन्या इंग्रजीतला, आणि त्याचा मूळ अर्थ सुंदर. दोघांचं स्पेलिंग पुढे एक झालं, एवढाच त्यांचा संबंध. चांगल्या छापील कोशात म्हणूनच या शब्दाच्या वेगवेगळ्या नोंदी असतात, शेजारी छोटे आकडे घालून. ते आकडे शोभेला नसतात. कोणीतरी वर्षानुवर्षं जुने दस्तऐवज चाळून ते ठरवलेलं असतं. ते सरळ पुसून टाकायचे आणि वर 'संपूर्ण अर्थ' असा मथळा द्यायचा, ही वाचणाऱ्याची फसवणूक आहे.

अर्थ किती वेगळे आहेत हे कळायला विद्वान असावं लागत नाही. नुसते विरुद्धार्थी शब्द विचारा. निवाडा फेअर नसेल तर तो अनफेअर. त्वचा किंवा केस फेअर नसतील तर डार्क. बेसबॉलमध्ये चेंडू फेअर नसेल तर फाउल. आणि हवा फेअर नसेल तर तिला कोणी अनफेअर म्हणत नाही. एका शब्दाला इतक्या वेगवेगळ्या दिशांचे विरुद्धार्थी असतील, तर त्या सगळ्या दिशांचे समानार्थी एका पिशवीत कसे भरता येतील? हा प्रश्न ही पानं बनवणाऱ्यांपैकी एकालाही पडू नये?

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते 'बरा' या अर्थाचं. शेरा देण्याच्या मोजपट्टीवर एक्सलंट, गुड, फेअर, पुअर असा क्रम असतो. म्हणजे फेअर हा गुडच्या खालचा. कामचलाऊ. कोणाच्या कामावर हा शेरा आला, त्याने ॲप उघडलं, आणि पहिलाच अर्थ 'सुंदर' किंवा 'न्याय्य' दिसला तर तो खूश होऊन बसणार. त्याला सुधारायला सांगितलंय हे त्याला कळणारच नाही. उलट 'अ फेअर अमाउंट ऑफ टाइम' म्हटलं की वेळ कामचलाऊ नसतो, बऱ्यापैकी जास्त असतो. आणि अमेरिकेतली रुग्णालयं रुग्णाची स्थिती गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल अशा शब्दांत सांगतात. तिथे फेअर म्हणजे नाडी, रक्तदाब वगैरे स्थिर आहेत, माणूस शुद्धीवर आहे, त्रास होत असेल पण लक्षणं आशेची आहेत. आपलं माणूस तिकडे खाटेवर पडलेलं असताना हा शब्द ऐकून कोणी घाईघाईने अर्थ शोधला, तर त्याला काय मिळतं? गोरा, जत्रा. चीड येणार नाही तर काय होणार?

कोणी म्हणेल, एवढं काय, वाचणाऱ्याने संदर्भ बघून योग्य तो अर्थ निवडावा. अहो, ज्याला निवडता येतं त्याला शब्दकोश उघडायची गरजच नसते! निवड करायला मदत हवी म्हणूनच माणूस तिथे येतो.

आणि बाकीचे अर्थ बाजूला ठेवून फक्त 'न्याय्य' एवढाच अर्थ घेतला, तरी यादी कामाला येते का? जस्ट, इम्पार्शल, इक्विटेबल, रीझनेबल, अनबायस्ड. हे पाचही फेअरच्या जवळचे आहेत, कबूल. पण एक उचलून दुसऱ्याच्या जागी ठेवून बघा. 'फेअर प्राइस' च्या जागी 'रीझनेबल प्राइस' चालेल, 'इम्पार्शल प्राइस' कसं चालेल? किंमत कोणाची बाजू घेते? छापा आणि काटा पडण्याची शक्यता सारखीच असेल तर संख्याशास्त्रात त्या नाण्याला 'फेअर कॉइन' म्हणतात. तिथे 'अनबायस्ड', म्हणजे कोणत्याच बाजूला कल नसलेला, हा शब्द बसतो. 'जस्ट' बसत नाही, कारण नाण्याला नीती-अनीती नसते. इम्पार्शल हा निवाडा करणाऱ्याच्या वृत्तीबद्दलचा शब्द आहे, तो या बाजूचाही नाही आणि त्या बाजूचाही नाही. एखादा न्यायाधीश दुष्ट कायदासुद्धा सगळ्यांना सारखाच लावेल. तो इम्पार्शल ठरेल, पण त्याचा निकाल जस्ट ठरणार नाही. इक्विटेबल हा बहुतेकदा वाटपाबद्दल बोलतो, आणि ते वाटप समसमानच असेल असं नाही. ज्याची गरज मोठी त्याला जास्त मिळालं, तरी ते इक्विटेबल असू शकतं. फेअरचा रोख पुष्कळदा पद्धतीवर असतो: नियम सगळ्यांना एक, संधी सगळ्यांना, दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

हा शब्दांचा कीस नाही. १९४८ चा मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा काढा आणि त्याचं दहावं कलम इंग्रजीत वाचा. सुनावणी 'फेअर' आणि 'पब्लिक' असावी, आणि ती घेणारं न्यायाधिकरण 'इंडिपेंडंट' आणि 'इम्पार्शल' असावं, असं त्यात एकाच वाक्यात म्हटलं आहे. फेअर आणि इम्पार्शल हे एकच असते तर त्या वाक्यात दोन्ही कशाला ठेवले असते? एक सुनावणीसाठी आहे, दुसरा ती घेणाऱ्यासाठी. माणसाच्या हक्काचं कलम ज्या फरकावर उभं आहे, तो फरक आपली ही यादी एका स्वल्पविरामात गिळून टाकते.

सगळ्यात चीड आणणारी गोष्ट अशी की ही माहिती मुळात अशी कालवलेली नव्हतीच. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांनी १८५२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आपला इंग्रजी समानार्थी कोश प्रसिद्ध केला. तो त्यांनी कल्पनांनुसार लावला होता, अकारविल्हे नाही. मागच्या सूचीत शब्द शोधायचा, आपल्याला हवा तो अर्थ बघायचा, त्यापुढच्या क्रमांकाच्या विभागात जायचं. म्हणजे कोणता अर्थ हवाय हे ठरवल्याशिवाय पुढे पाऊलच पडत नाही. पुढे १९८० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या मार्गदर्शनाखाली 'वर्डनेट' हा इंग्रजी शब्दांचा संगणकीय संग्रह सुरू झाला. त्यात प्रत्येक अर्थाचा वेगळा गट आहे, प्रत्येक गटाला व्याख्या आहे, आणि हे सगळं मोफत वापरायला दिलेलं आहे. कित्येक संकेतस्थळं आणि ॲप तिथूनच माहिती घेतात. घ्या ना, जरूर घ्या! पण दुसऱ्याने कष्टाने वेगळे केलेले गट घ्यायचे, मधल्या भिंती पाडायच्या, व्याख्या गाळायच्या आणि उरलेलं एका ओळीत कोंबायचं, हा कुठला उद्योग? भिंती ठेवायला जास्तीचा खर्च येत नाही. त्या तयारच होत्या.

व्याख्या दिलीच तर ती कशी? फेअर म्हणजे जस्ट. बरं, मग जस्ट उघडा. जस्ट म्हणजे फेअर. फिरत बसा गोल गोल, आणि प्रत्येक फेरीला एक नवी जाहिरात बघा.

आता यात लेखन सुधारून देणाऱ्या साधनांची भर पडली आहे. तोच शब्द दोनदा आला की खाली रेघ मारायची आणि दुसरा सुचवायचा. शब्दाची पुनरुक्ती नको, हे डोक्यात इतकं भरवलं गेलंय की लोक डोळे मिटून तो स्वीकारतात. माझ्याकडे तपासायला मजकूर येतात, त्यात हे प्रकार सतत दिसतात. पहिल्या परिच्छेदात 'फेअर ट्रायल', दुसऱ्यात तेच 'रीझनेबल ट्रायल', तिसऱ्यात 'डीसेंट ट्रायल'. लिहिणाऱ्याला एकच गोष्ट म्हणायची असते आणि वाचणाऱ्याला वाटतं, तीन वेगळ्या गोष्टी चालल्या आहेत. कायद्याच्या किंवा कराराच्या मजकुरात तर ठरलेला शब्द शेवटपर्यंत तोच ठेवायचा असतो. तिथे शब्द बदलला की अर्थ बदलला असंच समोरचा धरतो, आणि त्याचं बरोबरच आहे. दहा वेळा फेअर लागत असेल तर दहा वेळा फेअर लिहा. त्यात लाज कसली? लाज वाटली पाहिजे ती सुचवणाऱ्याला.

मागणी फार मोठी नाही हो. एका अर्थाला एक ओळ. त्या अर्थाचं एक खरं वाक्य. त्याच अर्थाचे समानार्थी त्याच ओळीखाली, आणि त्याच अर्थाचा विरुद्धार्थी शेजारी. दोन वेगळे शब्द असतील तर दोन वेगळ्या नोंदी. छापील कोश हे कागदाची काटकसर करत, बारीक टाइपात करत आले. पडद्यावर जागेचीही अडचण नाही. मग हे होत का नाही, याचं उत्तर हे ॲप बनवणाऱ्यांनी द्यावं.